होडीच्या रंगाची गिटार

जन्मल्याबरोबर आमच्या भावोजींनी आधी सुईणीचे हात तपासले असणार आणि मगच रडायला सुरुवात केली असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. स्वतः भावोजींनी एका गोदामात आयुष्यभर माल मोजून घेतला आणि आता निवृत्त होऊन बोरिवलीच्या दोन खोल्यांतून सगळ्या जगावर पहारा देत बसले आहेत. दुधाची पिशवी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरतात. शहाळेवाल्याने शहाळं सोलून हातात दिलं की म्हणतात, "मी दाखवलं होतं ते हेच कशावरून?" देवळात जाताना डावी चप्पल एका कोपऱ्यात आणि उजवी दुसऱ्या कोपऱ्यात काढतात, म्हणजे चोराला जोडी लागू नये. एकदा उजवी कुठे ठेवली तेच विसरले, तर पुजाऱ्याच्या पायांकडे अशा नजरेने बघत राहिले की तो बिचारा आरती सोडून आत निघून गेला. ताई तर शपथेवर सांगते की लग्नात अंतरपाट धरलेला असताना ह्या गृहस्थाने खाली वाकून तिचे पाय पाहिले होते. मुलगी बदलली तर नाही ना, याची खात्री करायला! "तेव्हाच पळून जायला हवं होतं मी," असं ती वर म्हणते आणि त्यांच्या पानात आणखी एक तळलेली तुकडी वाढते.

अशा माणसाने तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली असेल हे कुणाला सांगून पटत नाही. पण वाजवली, आणि झकास वाजवली. गणपती, पूजा, हळदी, जिथे स्टेज बांधलं जाईल तिथे हे उभे. बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणा माणसाकडून त्यांनी परदेशी बनावटीची जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा ताईपेक्षा कणभर जास्त जीव होता, असं ताईच म्हणते. ड्रमवर असायचा मनोरीचा एक कोळी. त्याला हे नाखवा म्हणत. दोघं एका ताटात जेवायचे, आणि जगात भावोजी ज्याच्या ताटातलं न हुंगता खायचे असा तो एकटाच. पुढे गिटारचं पॉलिश जागोजागी उडालं, लाकूड उघडं पडलं. नाखवा म्हणाला, "दे माझ्याकडं. पावसात होडी रंगवतो, तवा हिला पन रंगवून देतो." भावोजींनी दिली. परत आली ती निळीशार आणि कडेने पिवळा पट्टा, म्हणजे नाखवाच्या होडीचा जो रंग तोच. रंगाचं भावोजींना काही नव्हतं. पण घरी येऊन गिटार अँप्लिफायरला जोडली, तर आवाज गेलेला. मधेच यायचा, मधेच बसायचा, नाहीतर नुसता घुंऽऽ करत राहायचा.

दुसरा कुणी असता तर त्याने मित्राला विचारलं असतं. भावोजी गिटार मांडीवर घेऊन विचार करत बसले आणि त्यांनी निकाल दिला की नाखवाने आतला पिकअप, म्हणजे तारांखालचं ते चुंबक, काढून विकलं, तिथे डुप्लिकेट बसवलं, आणि वरून रंग मारला तो केलेल्या कर्मावर पांघरूण घालायला. "अहो, पण एकदा विचारा तरी!" ताई म्हणाली. "विचारलं की चोर सावध होतो," भावोजी म्हणाले. त्यांनी मनोरीला जाणं बंद केलं, ऑर्केस्ट्रा सोडला, गिटार चादरीत बांधून माळ्यावर टाकली आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं फर्मान काढलं, कारण ती आता गिटार नव्हती, मुद्देमाल होती. पुढे एकदा नाखवा बोंबलाची जुडी घेऊन बोरिवलीला आला. ताईने दाराची साखळी न काढता, फटीतूनच सांगितलं की हे घरी नाहीत. हे दारामागे श्वास रोखून उभे होते. बोंबील तेवढे फटीतून आत आले आणि नाखवा गेला तो पुन्हा आला नाही. हे सांगताना ताईचा अजूनही तिळपापड होतो. "शिरा पडो त्या संशयावर," ती म्हणते, "त्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही रे."

यंदा त्यांची बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली आणि माळा रिकामा करायची वेळ आली. ताईने साफ सांगितलं, "एक तर ती वाजती करा, नाहीतर भंगारवाल्याला देते." तेव्हा भावोजींनी गिटार दुरुस्त करायला काढली. वरवर कारण ते, पण खरा हेतू गुन्हा सिद्ध करायचा. मी अंधेरीला राहतो आणि मेहुणा आहे, एवढ्या दोन अपराधांसाठी मला बरोबर घेण्यात आलं. साकीनाक्याला एका गाळ्यात वाद्यांची दुरुस्ती आणि रंगकाम होतं, तिथे गेलो. गाळेवाल्याने गिटार उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "काका, ठेवून जा. पुढच्या आठवड्यात फोन करतो." ठेवून जा! भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच त्याला फितूर होतो. मग खुर्ची ओढून म्हणाले, "मी बसतो इथेच. जेवणाचा डबा घरून येईल." गाळेवाल्याने हात जोडले आणि गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. "काका, तुम घर पेही कर लो ना."

मग घरच्या गॅलरीतच कारखाना सुरू झाला. रंग काढायचं औषध, पत्र्याची पट्टी, खरखरीत आणि मऊ सँडपेपर, नाकाला बांधलेला ताईचा जुना पंचा. होडीचा रंग तो, समुद्राला दाद देत नाही, भावोजींना कुठून देणार? थर फुगायचा, खरवडला की चिकटून बसायचा. वासाने मजला भरला, तेव्हा गॅस गळतोय की काय म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. भावोजींनी त्यांना दारातच अडवलं आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "गॅसबिस काय नाय रे. गिटार बघायला आला होता तो. कुणीतरी पाठवलाय." निळ्याच्या खालून हळूहळू मधासारखा पिवळा आणि कडेला तांबूस असा जुना रंग दिसायला लागला. मी आनंदाने ओरडलो, "भावोजी, तुमचीच आहे ही!" त्यांनी मान वरही केली नाही. "लाकूड माझं असेल. चोर लाकूड कशाला बदलील? माल आत असतो." औषधाने तो जुना रंगही राहिला नाही. शेवटी कोरं, फिकट लाकूड हातात आलं आणि त्यावरून हात फिरवताना मात्र त्यांचा आवाज थोडा मऊ झाला होता.

मागची प्लेट उघडायचा कार्यक्रम एका रविवारी देवपूजा झाल्यावर ठेवला. मी पंच आणि ताईकडे मोबाइल, कारण व्हिडिओ पाहिजे होता. स्क्रू गंजलेले, एकेक कुरकुरत निघाला. प्लेट उचलली, तर आत तारांच्या जंजाळावर चांदीच्या कागदाची छोटी पुडी, सिगारेटच्या पाकिटातला असतो तो कागद. भावोजींच्या अंगात वीज संचारली. "बघ! कोंबलं होतं की नाही मेल्याने काहीतरी? ताई काढतेयस ना गं तुझी फिल्म?" रागाच्या भरात ते बायकोलाही ताई म्हणाले. चिमट्याने त्यांनी पुडी बाहेर काढली, चांदीचा कागद सोडवला. आत कॅलेंडरच्या पानाचा चतकोर, त्याला लाल दोरा गुंडाळलेला, आणि त्यात चिमूटभर राख.

ताईनेच ओळखलं. "अहो, हा तर गावच्या देवीचा अंगारा. सासूबाईंनी दिलेला. गिटार मनोरीला पाठवायच्या आदल्या दिवशी तुम्हीच आत ठेवला होतात ना? कुणी बदलू नये म्हणून?"

ठेवला होता. स्वतःच्या हाताने ठेवला होता आणि साफ विसरले होते. नाखवाने रंगासाठी गिटार उघडली तेव्हा त्याला ती पुडी दिसली. कोळ्याच्या घरचा माणूस, देवाचं काही असणार हे त्याला सांगावं लागलं नाही. रंगाचा थेंब अंगाऱ्यावर पडू नये म्हणून त्याने आपल्या सिगारेटचा चांदीचा कागद वरून गुंडाळला आणि पुडी होती तिथे परत ठेवली. तोच कागद आतल्या तारांना टेकून आवाज बसवत होता. मी गिटार जोडली. भावोजींनी एक तार छेडली. खणखणीत, भरीव आवाज घरभर झाला. त्यांनी तीच तार पुन्हा छेडली, आणि पुन्हा. मग गिटार बाजूला ठेवून म्हणाले, "अंगारा जपला रे त्याने. आणि मी त्याला दारातून घालवला." हा माणूस रडताना मी पहिल्यांदा पाहिला. त्या वेळी मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

पुढच्या आठवड्यात मार्व्याच्या धक्क्यावरून आम्ही फेरीबोटीने मनोरीला गेलो. भावोजींनी वाटेत एकदाही तिकीट तपासलं नाही की खिसा चाचपला नाही, त्यावरून मला त्यांच्या मनाची कल्पना आली. नारळी पौर्णिमा जवळ आली होती, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची रंगरंगोटी चालली होती. नाखवा आपल्या होडीशी ब्रश घेऊन बसला होता, केस पांढरे, पाठ वाकलेली. त्याने वर पाहिलं, ओळखलं, आणि अगदी कालच भेटल्यासारखा म्हणाला, "आयलास?" मग त्याची नजर गिटारवर गेली. ब्रश खाली ठेवून, हात लुंगीला पुसून त्याने त्या उघड्या लाकडावरून बोटं फिरवली.

"काढलास शेवटी रंग," तो म्हणाला. "मला ठावं व्हतं. रंग आवडला नाय तुला, म्हनून यायचा बंद झालास. अरे, तवाच सांगायचं ना रं! दुसरा मारून दिला असता."

इतकी वर्षं तो हेच समजत होता. भावोजींचे ओठ हलले. मला वाटलं, आता हे सगळं सांगून टाकतात की काय. पण ते एवढंच म्हणाले, "रंग चांगला होता रे. माझंच चुकलं. तोच परत मारशील?"

नाखवा हसला. "निळ्याचा डबा उघडलेलाच हाय. ठेवून जा."

आणि भावोजी ठेवून आले. खूण नाही, फोटो नाही, मागे वळून बघणं नाही. परतीच्या बोटीत त्यांना आपले रिकामे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मी हळूच विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?" पाण्याकडे बघत ते म्हणाले, "सांगितलं असतं तर त्याने माफ केलं असतं रे लगेच. तेवढं मला सोसलं नसतं."

आता दर रविवारी भावोजी मनोरीला जातात, रंग सुकला का बघायला. तो केव्हाच सुकला आहे, मी स्वतः बोट लावून पाहिलं. पण भावोजी गिटारवर नख टेकवतात, तोंड वाकडं करतात आणि म्हणतात, "नाही रे नाखवा, अजून ओला वाटतो." नाखवा चहाचा दुसरा कप त्यांच्यापुढे सरकवतो आणि म्हणतो, "असंल बाबा. दर्याची हवा हाय. पुढल्या रविवारी ये."