ट्रॉली थांबत नाही

अकरावीच्या भौतिकशास्त्रातल्या ठोकळ्याला दुसरा कामधंदाच नसतो. उतारावर ठेवला की एक तर बसून राहतो, नाही तर घसरतो. त्या उन्हाळ्यात असल्या ठोकळ्यांना वैतागून मी चोपड्याकडच्या आमच्या शेतात, लिंबाखाली गणितं सोडवत बसले होते.

सकाळी केळीची कापणी झाली होती. घडांनी भरलेली ट्रॉली उतारावर सोडून ट्रॅक्टर दुसरी आणायला गेला. आमच्या काळ्या रानात दगड औषधालाही सापडत नाही. म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाकाखाली केळीच्या खोडाचा तुकडा सारला. आमच्याकडे जेवायला केळीचं पान, बांधायला केळीचं सोपट, मग चाक अडवायलाही केळच! आबा उताराच्या पायथ्याशी तोंडावर पंचा घेऊन आडवे झाले.

भर दुपार. वारा पडलेला, पाखरंसुद्धा गप्प. या वेळी रानात एकटं बसू नये, ही वेळ माणसांची नव्हे, असं माय म्हणायची आणि मी तिला हसायची.

'घर्षण पुरेसं आहे, ठोकळा हलणार नाही,' असं उत्तर लिहून मी मान वर केली, तर ट्रॉली चालत होती.

आवाज अजिबात नव्हता. चिरडलेल्या खोडाचं बुळबुळीत पाणी मागे चकाकत होतं आणि ट्रॉली सरळ आबांकडे निघाली होती. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात ट्रॉलीने वेग घेतला आणि आबांच्या डोक्यापासून वीतभरावर येऊन थांबली. गचका बसला नाही. पुढे खड्डा नव्हता, साधं ढेकूळही नव्हतं.

आबांनी पंचा बाजूला केला. "सावली कशी काय उनी?" तोंडावर आलेली ट्रॉलीची सावली बघत त्यांनी विचारलं.

मी हट्टी. दुसऱ्याच दिवशी कोनमापकाला दोरा बांधून उतार मोजला, घडांचं वजन धरलं, चाकांचं घर्षण हवं तेवढं वाढवून पाहिलं. ट्रॉली थांबत नाही. आबांच्या अंगावरून जाते, पुढच्या बांधापर्यंत जाते.

आता मी अमळनेरला अकरावीलाच शिकवते. दरवर्षी हे गणित मुलांना घालते, त्यातून आबांना वगळून. कुणीतरी वेगळं उत्तर काढावं म्हणून वाट बघते. सगळी पोरं बरोबर सोडवतात: ट्रॉली थांबणार नाही. मला पूर्ण मार्क द्यावे लागतात, आणि देताना भीती वाटते.

मार्क दिले की त्या संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले की चपलांसकट आबांच्या खोलीत जाते. ते झोपलेले असतात. मी त्यांचा हात हातात घेते. हात गरम असतो, तरी नाडी लागेपर्यंत सोडत नाही.