संगीतपेटीवरचं कुंकू

लिहिण्याचं धाडस करतोय, माफ करा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मी किल्ली दिली की आपोआप धून वाजवणारी एक जुनी संगीतपेटी साफ केली. पेटीच्या मालकीणबाईंचे कान जात चालले होते. ते पुरते जायच्या आधी त्यांना तिची धून ऐकायची होती. पण दर दसऱ्याला तिच्या पितळी नळकांड्यावर तेल-कुंकू वाहिलेलं. धून वाजवणाऱ्या बारीक खिळ्यांमधल्या त्या चिकट राडीत झुरळांचे पाय होते. मी किळसून हात मागे घेतला.

"पूजा करूनच मारली रे हिला," काका म्हणाले.

हात जोडायला सगळे, पुसायला कुणी नाही. किळस कुंकवाची नव्हती, या भक्तीची होती. महिनाभर घासत राहिलो.

परवा बाईंच्या सुनेचा निरोप आला: पेटी छान वाजते, पण आईंना आता काहीच ऐकू येत नाही. ती वाजत असताना त्या झाकणावर हात ठेवून बसतात.