मुकुंदकाकांचा डायचा डबा आणि आमचे हुशार इंजिनियर

तीन इंजिनियर होते त्या गॅरेजमध्ये, आणि एकानेही हात पुढे करून बघितलं नाही.

आज मुकुंदकाकांना जाऊन वर्ष झालं. काहीतरी छान, शांत लिहायचं ठरवलं होतं. जमत नाहीये. डोकं तापलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुकुंदकाका म्हणजे टेक्सासमधल्या प्लेनोतले आमचे शेजारी. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये नोकरीला सुरुवात केली, इथे येऊन रिटायर झाले. रिटायर झाल्यावर एक जुनी रायफल घेतली, टार्गेट शूटिंगसाठी.

झालं, मंडळात कुजबुज सुरू. "बंदूकवाले काका."

गणपतीत प्रसाद घेताना लोक विचारायचे, "काय काका, आज कोणाचा नंबर?" वर हसायचे. काकाही हसायचे. मला मात्र संताप यायचा.

त्या रायफलची काडतुसं दुकानात मिळायची नाहीत. म्हणून काका वापरलेल्या काडतुसांच्या पितळी केसेस, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, गॅरेजमध्ये परत भरायचे. टेबलाला बोल्ट केलेली एक हातप्रेस, आणि तिच्यात वरून फिरवून बसवायची डाय. डाय म्हणजे साचा, त्यातून केस पुन्हा मापात येते.

नोकरीसाठी नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला जाईपर्यंत शनिवारी त्यांची मुलगी जुई बरोबर असायची. इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये.

एरवी बापलेकीचं धड दोन वाक्यं बोलणं व्हायचं नाही. त्या टेबलाशी मात्र दोघं तीन-तीन तास. काका केसची लांबी मोजून ती तिच्या हातात द्यायचे, ती परत मोजायची.

"पपा, यू आर ऑफ. अगेन."

काका खूश! पोरीने चूक काढली म्हणून इतका खूश होणारा बाप मी दुसरा पाहिला नाही.

प्रत्येक डायवर सेटिंगची खूण म्हणून काकूंचं लाल नेलपॉलिश लावलेलं. काकू आतून ओरडायच्या, "अहो, बाटली संपवलीत माझी!"

तर काका गेले. काकू घर विकून जुईकडे मॉरिसव्हिलला जाणार होत्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गॅरेज आवरायला जमलो.

जुईने एकच प्रश्न विचारला. काकांची रायफल ती नेणार होती, पण प्रेस जड, ती नेणं शक्य नव्हतं. तिच्याकडे तिची स्वतःची प्रेस होती, पण दुसऱ्या कंपनीची.

"विल पपाज डाइज फिट माय प्रेस?"

बस्स! आमच्या इंजिनियरांना प्रश्न मिळाला.

पहिला म्हणाला, "ब्रँड वेगळा ना? मग नाही बसणार. कंपन्या मुद्दामच तसं करतात."

दुसरा म्हणाला, "फोनच्या चार्जरचं नव्हतं का तसंच?" अरे, चार्जरचा काय संबंध?

तिसरा माझा नवरा, संजय. या माणसाने आयुष्यात कुकरची रिंग बदललेली नाही. तो म्हणतो कसा, "जुई बेटा, सेफ्टीचा प्रश्न आहे. रिस्क नको घेऊस. देऊन टाक."

एकानेही डाय उचलली नाही. आटे बघितले नाहीत. तिघांच्या खिशात फोन होते, एक मिनिट सर्च करायला काय झालं होतं?

जुई रडून रडून थकली होती. तिने मान डोलावली. डायचा डबा घरातलं सामान विकायला मांडलेल्या इस्टेट सेलच्या टेबलावर गेला आणि दुपारी कोणी अनोळखी माणूस तो घेऊन गेला.

गेल्या आठवड्यात तिने त्याच रायफलसाठी नवीन डाय मागवली. तिसऱ्याच कंपनीची. तिच्या प्रेसवर सरळ बसली.

मग तिने शोधलं. बहुतेक कंपन्यांच्या डायचे आटे एकाच मापाचे असतात, कित्येक वर्षांपासून. काही अपवाद आहेत, काकांच्या डाय त्यात नव्हत्या. सेटिंग तेवढं नव्याने करावं लागलं असतं. एवढंच!

आज सकाळी तिचा फोन आला. हुंदके देत होती. "दे हॅड हिज मार्क्स ऑन देम, मावशी."

मी तिथल्या तिथे संजयला झाडलं. तर म्हणतो, "अगं, मी आपलं एक ओपिनियन दिलं."

ओपिनियन! पोरीच्या बापाची वस्तू गेली आणि याचं ओपिनियन!

तेवढ्यात फोनवरून जुईने विचारलं, "मावशी, डिड यू नो?"

हे लिहायची लाज वाटतेय, पण लिहिते.

हो. मला माहीत होतं.

काकांनीच सांगितलं होतं, त्याच टेबलाशी चहा घेताना. त्यांच्या शूटिंग रेंजवरच्या मित्राची डाय आणली होती, ती आपल्या प्रेसवर फिरवून दाखवली. "बघ गं, कंपन्यांचे डबे लाल, हिरवे, निळे. आटे तेच. लोक रंग बघूनच घाबरतात. आधी हातात घेऊन बघावं, मग तोंड उघडावं."

गॅरेज आवरायच्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. वाटलं, आपण हिस्टरीवाल्या, हे तिघं इंजिनियर. आपलं चुकलं तर हसतील. म्हणून कप वाटत राहिले.

अख्ख्या प्लेनोला माहीत आहे मी किती बडबडी आहे ते. आणि जिथे बोलायचं तिथे मूग गिळून बसले.

जुईला हे सगळं सांगितलं. वाटलं, आता ही फोन ठेवणार, आणि ठेवलाच असता तरी तिचं काय चुकलं असतं?

मग ती मराठीत म्हणाली, "मावशी, अजून काय काय सांगितलं पपांनी तुला?"

शनिवारी मॉरिसव्हिलला जातेय. एकटी. संजय म्हणाला, मीही येतो. म्हटलं, तू घरी बस.

जे आठवतंय ते सगळं तिला सांगणार आहे. अर्धवट आठवलं तर अर्धवट, पण सांगणार. मध्ये कोणी शहाणपणा केला तर गाठ माझ्याशी आहे.

मुकुंदकाका, तुमच्या लेकीसमोर मी गप्प बसले. मला माफ करा.

साश्रू नमस्कार, काका.