पुट डाऊनचा अर्थ

एका माणसाची घोडी मरायला टेकली होती आणि मी त्याला इंग्रजी शिकवत बसलो.

आज सुनेने उसळीसाठी भिजवलेले हरभरे उपसले, आणि त्या ओल्या वासासरशी मी पुन्हा सरदारांच्या पागेत जाऊन उभा राहिलो. तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. सरदारांच्या मुलांची शिकवणी करायचो आणि कुणी साहेब आला की दुभाषाही व्हायचो. बावड्याच्या वाटेवर घोडीचा पाय मोडला होता. तिला कशीबशी पागेत आणली होती. ती आडवी पडली होती, आणि तिला लहानाची मोठी करणारा मोतद्दार दस्तगीरचाचा भिजले हरभरे ओंजळीत घेऊन तिच्या तोंडाशी बसला होता. जनावरांच्या गोऱ्या डॉक्टरने पाय चाचपला, दोन शब्द बोलला आणि बंदूक आणायला गेला.

"काय म्हनला सायब?" चाचाने विचारले.

"पुट डाऊन," मी म्हणालो, आणि तिथे थांबायचे सोडून सुटलोच. "पुट म्हणजे ठेवणे, डाऊन म्हणजे खाली. पण जनावराला लावलं की अर्थ होतो, जीव घेऊन सोडवणे. बंड मोडलं तरी हाच शब्द, बरं का. पुस्तकात हे बारकावे सापडत नाहीत."

चाचाच्या ओंजळीतून हरभरे गळत होते. ते मला आज दिसतात. तेव्हा मी माझाच आवाज ऐकत होतो.

"मास्तर," घोडीच्या मानेवर हात ठेवून तो म्हणाला, "तुमचं इंग्रजी झालं असंल तर जरा बाजूला सरा. उजेडात हुबं ऱ्हायलाय, तिला मी दिसंना झालोय."