वाफ्याशेजारची उलटी बादली

त्याला 'हळूहळू' हे नाव मी ठेवलं, आणि ते काही कौतुकानं ठेवलं नव्हतं.

मुलानं त्याला बागकामाला ठेवलं तेव्हा माझं खुब्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. एकतीस वर्षं शाळेत ड्रिल शिकवलेली बाई मी. मुलींना दोरीवरच्या उड्या शिकवताना आधी स्वतः शंभर मारून दाखवायची. आणि पडले कशावरून, तर स्वयंपाकघरातल्या दीड फुटाच्या स्टुलावरून, वरच्या फळीवरचा डबा काढताना. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी सगळ्यांवर खेकसायला सुरुवात केली.

माझी खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीतून मागचं अंगण दिसतं: चार वाफे, गुलाबांची रांग, कोपऱ्यात लिंबाचं झाड, नळ. रिटायर झाल्यावर ते सगळं मी एकटीनं उभं केलेलं. आता तिथं जायला बंदी होती. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. मुलानं स्पष्ट सांगून टाकलं, "आई, पुन्हा पडलीस तर चोवीस तासांची बाई ठेवावी लागेल तुझ्याजवळ. मग तिच्याशी भांडत बसशील." मला त्या न आलेल्या बाईची धडकीच भरली. मला न्हाऊ घालणारी, माझ्या मागे मागे संडासापर्यंत येणारी बाई!

व्यायामासाठी फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. गोड बोलायची. "आजी, अजून थोडा वर पाय. शाब्बास आजी!" जन्मभर दुसऱ्यांना शाब्बास म्हणत आले, आता हे ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. तिनं कपाटाच्या दारावर कागद चिकटवला होता. खुर्चीतून दहा वेळा उठबस, टाचा दहा वेळा वर, भिंतीला धरून पाय बाजूला दहा वेळा. आठ दिवस केलं आणि सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून टाचा उचलायच्या त्या कशासाठी? भिंतीपलीकडे माझं काय ठेवलं होतं?

हळूहळू सोमवार, बुधवार, शुक्रवार यायचा. साठी ओलांडलेला, काटकुळा, एक खांदा खाली गेलेला, डोक्यावर रंग उडालेली टोपी. नळाशी हात धुवायला त्याला पाच मिनिटं लागायची, तेवढ्यात मी पूर्वी एक वाफा पालथा घातला असता. खिडकीतून माझा तोफखाना सुरू असायचा.

"अहो, तो गुलाब छाटायचा मुहूर्त कधी काढलाय?"

"छाटू की बाई. हळूहळू."

"तिसऱ्या वाफ्यात लव्हाळा माजलाय, दिसतोय ना?"

"दिसतोय की. निघेल हळूहळू."

एकदा नळाशी उभ्या उभ्या त्यानं सांगितलं, की त्याची बायको दोन वर्षं अंथरुणावर होती आणि मागच्या वर्षी गेली. मी म्हटलं, "बरं, त्या कुंड्यांना पाणी घाला." आता आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यातून त्याला वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय नाही, असं मला वाटायचं. अडगळीतली पाठ मोडलेली लाकडी खुर्ची त्यानं कशाला तरी बाहेर काढली आणि पहिल्या वाफ्याशेजारी तशीच सोडली. मी ओरडले. तो "उचलतो हळूहळू" म्हणाला आणि खुर्ची तिथंच राहिली.

त्या खुर्चीमुळेच सगळं सुरू झालं. एका सकाळी मुलगा आणि सून उठायच्या आधी मी मागचं दार उघडलं. काठी खाली टेकवली, चौकट धरली आणि तीन पायऱ्या उतरले. पाय लटपटत होते. आठ पावलांवर खुर्ची. बसले. हात लांब केला तर समोर लव्हाळ्याचा गड्डा. ओढला तो गाठीसकट आला! दुसराही आला. दोन गड्डे काढून मी परत खोलीत आले आणि उशीत तोंड घालून हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मग रोजचा नेम झाला. कपाटावरचा कागदही मी पुन्हा मनावर घेतला. दहा उठबशा म्हणजे खुर्चीवरून दहा वेळा उठून पुढच्या गड्ड्यापर्यंत जायचं, असं गणित मांडलं. महिन्याभरानं खुर्ची गेली आणि दुसऱ्या वाफ्याशी रंगाचा रिकामा डबा उलटा पडलेला दिसला. त्यावर बसले, जरा खाली वाकावं लागलं, जमलं. पुढं डबाही गेला, तिसऱ्या वाफ्याशी बादली पालथी घातलेली. ती आणखी बुटकी. तिच्यावरूनही मी उठायला लागले. फिजिओवाली म्हणाली, "आजी, कमाल आहे तुमची!" मी मनात म्हटलं, आहेच मुळी. एका अक्षरानं कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर मागच्या दाराला कुलूप लागलं असतं.

माझ्या या यशापायी हळूहळूला मात्र काम उरेना. तो यायचा, थोडं पाणी घालायचा, खुरपं घेऊन इकडं तिकडं काहीतरी करायचा आणि लिंबाखाली बसून राहायचा. सून आठवड्यातून दोन दिवस घरून काम करते. तिच्या वरच्या खिडकीतून ते दिसायचंच. एका संध्याकाळी जेवायच्या टेबलावर तिनं विषय काढला.

"आई, ते काका नुसते बसलेले असतात हो. समोर तण दिसतंय आणि हे आपले झाडाखाली."

मुलगा माझ्याकडे वळला. "तू दिवसभर खिडकीत असतेस. तुझी बाग आहे, तूच सांग. करतात का ते काम?"

साधा प्रश्न होता. खरं उत्तर चार शब्दांचं होतं: काम मीच करते रे. माझ्या डोळ्यांपुढं मागचं दार आलं, त्यावरचं कुलूप आलं, ती चोवीस तासांची बाई आली.

"मी काय त्याच्यावर पहारा ठेवून बसते का?" मी म्हटलं. "तुमचं तुम्ही बघा."

शाळेत माझा एक नियम होता. कुणी काही मोडलं, फाडलं, की सगळ्या वर्गाला उन्हात उभं करायचं. "जिनं केलं तिनं एक पाऊल पुढं यायचं. तोपर्यंत कुणी हलायचं नाही." एकदा एका मुलीसाठी साठजणी पाऊण तास उभ्या होत्या. शेवटी ती रडत पुढं आली. तिला मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की पाऊल टाकायला एवढा वेळ लागतो त्याला भित्रा म्हणतात.

शुक्रवारी मुलानं ऑफिसला जायच्या आधी त्याला अंगणात गाठलं. मी खोलीत पडद्याआड उभी होते. दोघांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"काका, राग मानू नका. पण तुम्ही बसलेलेच दिसता. तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं सांगा."

हळूहळूनं टोपी काढली. माझ्या खिडकीकडे बघितलं. घाईनं नव्हे, त्याच्या चालीनं, चांगलं निवांत बघितलं. पडदा हलला असेल, मला माहीत नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी.

"होय साहेब," तो म्हणाला. "हल्ली होत नाही माझ्याच्यानं."

त्यानं खुरपं धुतलं, खिळ्याला अडकवलं, पाच मिनिटं लावून हात धुतले आणि फाटकातून गेला.

पुढच्या आठवड्यात नवा माणूस आला. गवत कापायचं मशीन, अर्ध्या तासात काम खलास. त्याला सगळं टापटीप लागतं. त्यानं वाफ्याशेजारची बादली उचलून अडगळीत टाकली. दुसऱ्या सकाळी मी उतरले तर बसायला काही नाही. काठीवर भार देऊन कशीबशी वाकले, लव्हाळा ओढला. पाती हातात आली, गाठ जमिनीतच. दुसरा ओढला, तेच. तिसऱ्याला हाताला चरा पडला. मला वाटलं, माझ्या अंगातली ताकद गेली, संपलं सगळं. रडू आलं.

सरळ होऊन तिसऱ्या वाफ्याच्या टोकाला गेले. तिथं नव्या माणसाचा हात फिरला नव्हता. एक गड्डा धरला आणि तो लोण्यातून यावा तसा बाहेर आला. पुढचाही. मी खाली नीट बघितलं. प्रत्येक गड्ड्याभोवती खुरपं गोल फिरवलेलं होतं, माती मोकळी करून वरून हलक्या हातानं थापून ठेवलेली.

बादली शोधायला अडगळीचं दार उघडलं. नव्या माणसानं भिंतीशी सगळं ओळीनं लावलं होतं. मोडकी खुर्ची, तिच्या शेजारी डबा, शेजारी बादली. उंच, मध्यम, बुटकं. एकतीस वर्षं मुलींना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं मी, आणि ही रांग माझ्या लक्षात आली नव्हती.

चौकशी केली तेव्हा कळलं, की मोठ्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेत तो माती भरायला बसतो. मी चालत गेले. सुनेला म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येते. वाटेत दोनदा भिंतीला टेकले. तो जमिनीवर बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होता. मला बघून त्यानं शेजारची बादली पालथी घातली आणि हातानं पुसली.

"बसा बाई."

मी उभीच राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"काठीची भोकं पडायची ना वाफ्यात. ती बुजवायचो मी रोज. साहेबांना दिसली असती." त्यानं पिशवी थापली. "आमच्या घरी तिला कुणी काही करू दिलं नाही. मीच दिलं नाही. तू पडून राहा, म्हणायचो. ती पडूनच राहिली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

त्यानं वर बघितलं. चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही बोलाल असं वाटलं होतं," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी घरात सगळं सांगून टाकलं. सुनेचे डोळे भरले. ती रोपवाटिकेत जाऊनही आली, पण तो परत यायला तयार नव्हता. इथं बसून काम आहे, बरं आहे, म्हणाला. मुलगा माझ्यावर चिडला आणि रविवारी त्यानं मागच्या दाराला कुलूप लावलं. मी भांडले नाही. फिजिओवाली अजून येते, मी भिंतीकडे तोंड करून टाचा उचलते, ती शाब्बास म्हणते.

परवा तिनं विचारलं, आजी, रोपवाटिकेपर्यंत एकट्या गेलात म्हणे, केवढं लांब! मी टाचा उचलत राहिले. त्या शुक्रवारी मला पडद्यापासून मागच्या दारापर्यंत जायचं होतं. सहा पावलं. तेवढं चालायला मला केव्हाच येत होतं.