बुडालेल्या होडीची गोष्ट

आमच्या बंदरावरचे एक म्हातारे तांडेल, होडीवरचे जुने नायक, जाळं विणता विणता माझं बोलणं ऐकायचे. बुडत्या होडीतून माणसं वाचवणाऱ्या माझ्या पणजोबांची गोष्ट मी त्यांना कितीदा तरी रंगवून सांगितली. दर वेळी ते मान डोलवायचे, “व्हय, मोटा मानूस.”

मी घराण्याची माहिती जमवत होतो, तेव्हा माणगावच्या आत्या लग्नकार्यांबद्दल सांगता सांगता सहज बोलून गेल्या, “माणसं वाचवली ती तुमच्या बंदरावरच्या त्या म्हाताऱ्या तांडेलाच्या आजोबानं. तुझ्या पणजोबांना त्यानंच किनाऱ्याला आणलं. पुन्हा पाण्यात शिरला, तो बुडालाच.”

मी बंदरावर गेलो. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय. पन तुमी लय खुशीत सांगत व्हता.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मान वर करवेना. खाली बघतच मी त्यांच्या आजोबांचं नाव विचारलं.