देवाच्या रानातला ऐन

अकलोलीच्या पुढे, टेकडीला टेकून धोंडूबाईचा वारली पाडा. अडतीस घरं. पाड्यामागे हिरव्या देवाचं रान. देऊळ नाही, मूर्ती नाही. एक बिनघडणीचा दगड, आणि भोवती नऊ एकर झाडी.

धोंडूबाई रोज पहाटेच्या एसटीने नारपोलीला जायची. तिथल्या लूमवर, यंत्रमागाच्या कारखान्यात, कापडाच्या घड्या घालायची. अकरा वर्षं. शिक्षण चौथीपर्यंत. शेठशी हिंदीत भांडायची, आणि बहुतेक वेळा जिंकायचीही. पण चारचौघांत उभं राहून बोलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ एका नोटिशीने आणली. खालच्या माळावर एका कंपनीची गोडाउनं होणार होती, आणि त्यांचा रस्ता रानातून जाणार होता. शाळेतल्या सुचेताबाईंनी नोटीस वाचून दाखवली. कंपनीच्या अहवालात लिहिलं होतं की तिथे प्रार्थनास्थळ नाही, लोक ती जागा मानत नाहीत. ज्यांची हरकत असेल त्यांनी सांगावी. शुक्रवारी सरकारी साहेब जागा पाहायला येतील.

पाडा हबकला. मग सगळ्यांनी ठरवलं, देऊळच बांधू. वज्रेश्वरीहून मूर्ती आणू, चार दिवसांत स्लॅब टाकू. रेती येऊनही पडली.

धोंडूबाईने विचारलं, खांब कुठे रोवणार? त्यासाठी सहा झाडं पाडावी लागणार होती.

"देवाला घर बांधायला देवाचंच घर मोडायचं का?"

काम थांबलं. घरी आल्यावर नवरा, पंढरी, म्हणाला की आता रान गेलं तर पाडा तुझ्याच नावाने बोटं मोडेल. तिला ते ठाऊक होतं. दोन दिवस लूमवर तिच्या घड्या वाकड्या पडल्या.

शुक्रवारी लूमला आठवड्याची सुट्टी. साहेब आले. बरोबर कंपनीचा माणूस, शेजारच्या गावचा मनोज.

"दाखवा," मनोज म्हणाला, "कुठं हाय तुमचा देव?"

साहेबांनी दगड पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं. धोंडूबाई पुढे चालू लागली. साहेब मागोमाग गेले. ती आडव्या पडलेल्या एका ऐनाच्या झाडापाशी थांबली.

"सहा वर्षांमागं पडला. हात लावून बघा."

साहेबांनी अंगठा दाबला. लाकडाचा भुगा झाला. आजूबाजूला असेच आणखी तीन-चार बुंधे कुजत होते.

तिने पायवाटेकडे बोट केलं. डोक्यावर मोळ्या घेऊन बाया टेकडी उतरत होत्या.

"त्या दोन डोंगर चढून आल्यात, साहेब. हितं घरामागं लाकूड सडतंय. यातली एक काडी कुणाच्या चुलीत गेली न्हाय. माझ्या न्हाय, माझ्या सासूच्या न्हाय. आता तुमीच सांगा, हितं देव हाय का न्हाय."

मनोज हसला. "बाया आळशी हायेत, साहेब."

बायजाबाई सगळ्यांत पुढे होती. वय सत्तरीचं. तिने मोळी खाली ठेवली नाही.

"मन्या, तुझ्या बारशाचं पाणी कुणाच्या मोळीवर तापलं, ते आईला विचार जा."

बाया खदखदून हसल्या. साहेबांनीही हसू लपवायला तोंड फिरवलं. मग वहीतल्या ओळीवर काट मारली आणि झाडाखाली बसून जबाब घ्यायला सुरुवात केली. वीटभट्टीवर कामाला गेलेले पाड्यातले लोक निरोप मिळताच अंगावरच्या मातीसकट आले. एकसष्ट जबाब झाले. प्रत्येक जबाब धोंडूबाईने साहेबांकडून वाचून घेतला. एके ठिकाणी साहेबांनी लिहिलं होतं, 'लाकूड नेण्यास मनाई आहे.' तिने थांबवलं.

"मनाई नका लिवू. कुणी मना केलं न्हाय. आमीच नेत न्हाय."

साहेबांनी ते वाक्य तसंच्या तसं लिहिलं.

पाच महिन्यांनी आदेश आला. रान सोडून रस्ता न्यायचा. सुचेताबाईंना तो दोनदा वाचावा लागला, कारण पहिल्यांदा आरडाओरड्यात कोणाला काही ऐकूच आलं नाही. संध्याकाळी पाड्यावर तारपा वाजला. पंढरीने बायकोचा हात धरून तिला नाचाच्या फेरात सगळ्यांच्या पुढे उभं केलं.

आता रस्ता रानाला मोठा वळसा घालतो. परवा एक लांबडा ट्रेलर त्या वळणावर अडकला. धोंडूबाई एसटीची वाट पाहत होती. ड्रायव्हर वैतागून खिडकीतून वाकला.

"मौसी, ये रोड सीधा क्यूँ नहीं बनाया?"

"बनानेवाले थे," धोंडूबाई म्हणाली. "हमने घुमा दिया."